राठोड मॅडमची उघडी फाईल

आर्णीत डिकीचं झाकण उघडं टाकून पळणारी स्कूटी एकच होती. खड्डा आला की मागच्या डिकीचं झाकण वर उडायचं, खाली आपटायचं, आणि पानठेल्यावरची माणसं मान वर न करताच सांगायची, "मॅडम आल्या."

या मॅडम म्हणजे शेवंता राठोड. बसस्टँडसमोरच्या गाळ्यात आमचा कॉम्प्युटर क्लास होता. तिथे मी मराठी टायपिंग शिकवायचो आणि मॅडम पायथन नावाची प्रोग्रामिंगची भाषा शिकवायच्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, आवाज एवढा मोठा की माझ्या टायपिंगच्या बॅचमधली पोरं त्यांचा धडा ऐकून माझ्या परीक्षेत नापास व्हायची. हसू आलं की आधी त्यांचे खांदे हलायचे, मग खुर्ची हलायची, आणि मग त्या पदर तोंडाला लावून भिंतीकडे तोंड करायच्या. दिवसातून असं निदान पाच वेळा व्हायचं.

आणि ही बाई आयुष्यात काही म्हणता काही बंद करायची नाही. डब्याचं झाकण उघडं, पेनाचं टोपण हरवलेलं, कपाट उघडं, पाण्याची बाटली उघडी. मी कुलूप लावल्यावर तीनदा ओढून पाहणारा आणि घरी गेल्यावर बायकोला पुन्हा विचारणारा माणूस. त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून माझा रक्तदाब वाढला, हे मी डॉक्टरलाही सांगितलं आहे. एकदा न राहवून मी त्यांच्या डब्यावर झाकण लावलं. त्यांनी ते शांतपणे काढलं.

"बंद कायले करता सर? आत्ताच तं उघडाचं हाय पुन्हा."

"माश्या बसतात मॅडम."

"बसू द्या. त्याईले कोन डबा देते?"

शिकवायची त्यांची तऱ्हाही अशीच. मराठी पुस्तक हाताशी नव्हतं, इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स होती, तिचीही शेवटची पानं गळालेली. त्यामुळे सगळं त्यांनी आपल्या वावरातून, शेतीभातीतून उचललेलं. आमच्याकडे विलास नावाचा एक होमगार्ड शिकायला यायचा. एक दिवस तो रडकुंडीला आला. प्रोग्रामला फाईल वाचायला सांगितली होती, आणि यंत्र म्हणत होतं, अशी फाईलच नाही. विलासला ती डोळ्यांसमोर दिसत होती.

"हे पाहा ना मॅडम, हाय ना इथं! हा खोटं बोलून राह्यला!"

मॅडमनी त्याचा प्रोग्राम पाहिलासुद्धा नाही. त्या माझ्याकडे वळल्या. "गावंडे सर, जरा रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राह्यता? मी फोन करीन."

मी गेलो. का गेलो, हे आजही सांगता येत नाही. त्यांनी सांगितलं की माणूस जायचा. पलीकडे पानठेल्यापाशी उभा राहिलो. फोन आला. "सर, तुमच्या डाव्या हाताले माठ हाय. उचला अन् घेऊन या."

क्लासमध्ये माझ्या टेबलाच्या डाव्या हाताला माठ होता, ते मला ठाऊक होतं. पण आता डाव्या हाताला पानठेल्याचा माठ होता. मी तो उचलला आणि रस्ता ओलांडला. मागून पानठेलेवाला ओरडत आला, त्याच्या मागून दोन गिऱ्हाइकं, आणि कुत्रं. सगळी वरात क्लासमध्ये शिरली. मॅडमचे खांदे हलत होते.

"समजलं काय विलास? सरनं आपलं काम बरोबर केलं. मी डाव्या हाताचा माठ म्हटलं, त्याईनं डाव्या हाताचा आनला. मी हे नाही पाह्यलं का सर उभे कुठं हायेत. तुह्या प्रोग्राम कोन्त्या फोल्डरमधी उभा हाय, ते पहिले पाह्य. मंग त्याले खोटारडा म्हण."

प्रोग्राम दुसऱ्याच फोल्डरमध्ये उभा होता. पानठेलेवाल्याला माठ परत मिळाला आणि वर मॅडमच्या उघड्या डब्यातली भाकरी मिळाली. त्या बॅचमधल्या एकाचीही फाईल पुन्हा कधी हरवली नाही.

दुसऱ्या आठवड्यात विलासची फाईल सापडली, वाचलीही गेली, पण लगेच पुन्हा वाचायला सांगितली तर कोरी. काहीच नाही आत. तो घाबरून म्हणाला, "मॅडम, एकदा वाचली का पुसली जाते काय हे?"

"वखर हाकलला हाय काय कधी?"

"व्हय तं."

"एक तास, म्हंजे एक ओळ, धुऱ्यावर, बांधावर जाऊन संपली. आता तिथंच उभं राहून पुढं हाकलला तं काय निंगन?"

विलासनं प्रामाणिकपणे विचार केला. "दुसऱ्याचं वावर."

"मंग पहिले मांगं फीर ना बाप्पा! फाईलच्या सुरुवातीले ये, मंग वाच." त्यांनी फळ्यावर मागे फिरायची ओळ लिहून दिली, आणि फाईल पुन्हा भरलेली निघाली. वर्गानं टाळ्या वाजवल्या. माझ्या टायपिंगच्या मुलांनीही वाजवल्या, हे विशेष.

पण एक गोष्ट होती. फाईल उघडायची, वाचायची, लिहायची, हे सगळं मॅडम फळ्यावर झोकात लिहायच्या. शेवटची ओळ आली, फाईल बंद करायची, की खडू माझ्याकडे यायचा. "सर, हे तुम्ही लिहा." मी उठून इंग्रजीत 'क्लोज' लिहायचो आणि बसायचो. दर बॅचला हेच. त्यांच्या स्वतःच्या एकाही प्रोग्राममध्ये ती ओळ नव्हती. मी विचारलं तर म्हणायच्या, "प्रोग्राम संपला का मशीन आपल्या हातानं बंद करते. आपन कायले पाप घ्या?"

पाप हा शब्द ऐकून मी सरसावून बसलो, तेव्हा हरसिंगकाकांची गोष्ट निघाली.

हरसिंगकाका मॅडमचे वडील. त्या त्यांना बा म्हणायच्या. आर्णीपासून दहा-बारा किलोमीटरवर त्यांचा तांडा, आणि तांड्याला लागून लोणदरी गाव. लोणदरीचा शंकरपट आमच्या भागात नावाजलेला. बैलांच्या जोड्या धावतात, एका वेळी दोन, शेजारी शेजारी, आणि सेकंदाच्या शंभराव्या भागावर निकाल लागतो. या पटाचं घड्याळ आणि वही मॅडमच्या लहानपणापासून हरसिंगकाकांच्या हाती. त्यांचा टाइम म्हणजे टाइम, त्यावर कुणी तोंड उघडलं नाही. आणि त्यांचा नियम असा की सकाळी पहिली जोडी सुटताना वही उघडली, की शेवटच्या जोडीचे बैल सुटेपर्यंत ती मिटायची नाही. बैल जुंपलेले असताना वही मिटली तर धावत्या बैलाचा पाय मोडतो, अशी त्यांची ठाम समजूत. जेवताना वही मांडीवर उघडी. वारा सुटला तर तिच्यावर दगड. संध्याकाळी शेवटचे बैल जुवाखालून निघाले, की काका उभे राहायचे, दोन्ही हातांनी वही मिटायचे, आणि मगच पट संपला म्हणायचा. तो मान घड्याळ धरणाऱ्याचा. दुसऱ्या कुणी वहीला हात लावायचा नाही.

त्या वहीशेजारी बसून ही पोर वाढली. मिटण्याची भीती हातात मुरली ती मुरलीच.

मधल्या काळात पटावर बंदी आली आणि ती उठेस्तोवर हरसिंगकाकांची नजर गेली. पूर्ण नाही, पण वहीतलं दिसेना. मॅडमनी त्यांच्या जुन्या वह्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या, सगळे बैल, सगळे टाइम, आणि एक दिवस काकांना क्लासमध्ये आणून मोठ्या कौतुकानं पडद्यासमोर बसवलं. प्रोग्राम चालवला. पडद्यावर मराठीचं नाव नाही. टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, उलटी प्रश्नचिन्हं, काय काय. यंत्राला लिपी कोणती ते सांगायचं राहिलं होतं आणि त्यानं आपल्या मनानं वाचलं होतं. काका पडद्याला नाक लावून बराच वेळ पाहत राहिले.

"शेवंता, ह्या जोड्या म्या कधी धावतानी पाह्यल्या नाही."

मॅडम खुर्चीवरून खाली बसल्या आणि जमिनीवर बसूनच हसल्या. मग उठून लिपी सांगणारा एक शब्द घातला, आणि टोप्या उतरल्या. राजा-मोत्या, वाघ्या-चंद्र्या, एकेक नाव काकांना मोठ्या अक्षरात दिसायला लागलं. काका प्रत्येक नावाला मान हलवत होते. मग म्हणाले, "अवंदा पटाले हे घेऊन ये."

म्हणणं सोपं होतं. पटाच्या समितीचे अध्यक्ष वसंतभाऊ. माणूस वाईट नाही, पण मिशा फार. ते म्हणाले, "मशीन बी नवं अन् बाई बी नवी, दोन्ही एकाच सालात कायले?" नागपूरहून घड्याळवाली माणसं भाड्यानं आणायचं त्यांच्या डोक्यात होतं. शेवटी काकांकडे पाहून तोडगा निघाला. या वर्षी टाइम पुकारायच्या मचाणावर शेवंता बसेल. एकही टाइम हुकला तर पुढच्या वर्षीपासून घड्याळ आणि वही नागपूरवाल्यांकडे, आणि हरसिंगच्या घराचा मचाणाशी संबंध संपला.

मॅडमनी हे मला सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच त्यांचे खांदे हलत नव्हते. "बाले मचाणाखाली खुर्चीवर बसलेलं पाहाचं नाही मले सर, दुसऱ्याच्या घड्याळाखाली."

पटाच्या दिवशी आम्ही क्लासमधला सगळ्यात धट्टाकट्टा कॉम्प्युटर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादीवर निजवून नेला. मी त्याला दोन्ही हातांनी धरून बसलो होतो, आणि रस्त्यानं भेटणारे लोक नवरदेवाला करतात तसा आम्हाला नमस्कार करत होते. मचाणावर टेबल, टेबलावर यंत्र, शेजारी माइक, खाली जनरेटर. धावपट्टीच्या टोकाला आकड्यांची लाल पाटी. जोडी पोचली की पाटीवर टाइम लागायचा, मॅडम तो माइकवर पुकारायच्या आणि प्रोग्राममध्ये भरायच्या. पुढची जोडी सुटली की पाटीवरचा आकडा पुसला जायचा. मचाणाखाली खुर्चीवर हरसिंगकाका, धोतर-पागोट्यात, मांडीवर वही उघडी आणि कोरी. मी म्हटलं होतं, कुणीतरी वहीतही लिहू द्या. मॅडम म्हणाल्या, "दोन जागी लिहाचं तं मशीन कायले आनलं?"

सकाळ काय सुंदर गेली! धूळ, शिट्ट्या, भज्यांचा वास. मॅडमनी माइकवर असा रंग भरला की भज्यांच्या दुकानातली माणसं झारा घेऊन धावपट्टीवर आली. "सोन्या-वादळ, सात पॉइंट चौदा! महागावकर, तुमचे बैल जेवून आले काय?" लोक पोट धरून हसत होते. वसंतभाऊंची स्वतःची जोडी पळाली तेव्हा त्यांनीही मिशीला हात लावून मॅडमकडे पाहिलं आणि मॅडमनी टाइम जरा जास्तच गोड आवाजात पुकारला. दुपारी तीनपर्यंत शेहेचाळीस जोड्या झाल्या होत्या.

मग बुलेट आणि पंढरी ही जोडी सुटली. बुलेटचं नाव बुलेट का आहे ते सगळ्यांना माहीत होतं, पण तो थांबत नाही, हे ती जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्यालाच ठाऊक होतं. जोडी रेघेच्या पार गेली आणि तशीच पुढे गेली. चहाच्या दुकानातून गेली. तिथली ताडपत्री शिंगांवर घेऊन गेली. आणि जाताना जनरेटरची वायर गळ्यात घालून घेऊन गेली. बैलांना काही झालं नाही, पुढे ज्वारीच्या कडब्यापाशी ते आपणहून थांबले. पण मचाणावरचा पडदा काळा झाला.

लोक हसत होते. मॅडमही हसत होत्या. वायर जोडली, जनरेटर फुरफुरला, यंत्र पुन्हा सुरू झालं. मॅडमनी फाईल उघडली आणि त्यांचं हसू थांबलं. मी वाकून पाहिलं. फाईल होती. नाव बरोबर होतं. आत एक अक्षर नव्हतं.

शेहेचाळीस जोड्या.

"याडी ये," त्या एवढंच म्हणाल्या. मी त्यांच्या तोंडून आईला हाक पहिल्यांदाच ऐकली.

क्लासमधले त्यांचे प्रोग्राम दोन मिनिटांत संपायचे, आणि संपताना यंत्र आपल्या हातानं फाईल मिटायचं. हा प्रोग्राम सकाळपासून चालूच होता. फाईल सकाळी उघडली ती उघडीच. आणि ज्या ओळीसाठी त्यांनी दरवेळी माझ्या हातात खडू दिला होता, ती ओळ या प्रोग्राममध्ये लिहायला मी शेजारी नव्हतो. हे त्यांना कळायला क्षणभरही लागला नाही, आणि मला ते त्यांच्या तोंडावर दिसलं.

मी म्हटलं, लोकांच्या मोबाइलमध्ये व्हिडिओ असतील. खाली उतरून तीसेक मोबाइल पाहिले. सगळ्यांत शेपट्या आणि धूळ. लाल पाटी एकानंही टिपली नव्हती. मी परत वर आलो, तर मागोमाग वसंतभाऊ मचाणाची शिडी चढायला लागले होते. मी मॅडमना हळूच म्हणालो, जेवणाची सुट्टी पुकारा, तोवर काहीतरी करू. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माइक उचलला.

"ऐका हो! माह्याकडून चूक झाली हाय. शेहेचाळीस जोड्याईचे टाइम गेले."

वसंतभाऊ शिडीच्या मधल्या पायरीवरच थांबले.

"कसे गेले ते सांगतो. कापूस येचाले जाता ना बायांनो? एक बोंड तोडलं का एक डाव गंजीवर जाता काय? नाही. ओटी बांधता. ओटी भरली का मंग गंजीवर. हे मशीन बी तसंच. मी टाइम देत होती, ते ओटीत टाकत होतं. वही मिटा म्हटलं असतं, तं ओटी रिकामी करून आलं असतं. म्या म्हटलंच नाही. अन् बुलेटरावानं ओटीच सोडली त्याची!"

धुऱ्यावर बसलेल्या बायकांमधून पहिला हशा फुटला. मग सगळं मैदान हसलं, बुलेटचा धुरकरी सोडून.

"आता माह्यं म्हननं असं. तुमचा टाइम तुमाले पाठ हाय, मले मालूम हाय. पन आपला टाइम सांगाचा नाही. बाजूले जो पळाला, त्याचा सांगाचा. कोनी खोटं सांगन तं आमच्या बासमोर सांगन."

आणि मग जे झालं तसं मी पुन्हा पाहिलेलं नाही. एकेक धुरकरी मचाणाखाली येऊन हरसिंगकाकांच्या खुर्चीसमोर उभा राहायचा आणि शेजाऱ्याचा टाइम सांगायचा. शेजारी तो कबूल करायचा. शेजाऱ्यापेक्षा आपण कितीनं मागे पडलो, हे माणूस शंभराव्या भागासकट लक्षात ठेवतो, हे मला त्या दिवशी कळलं. चुकून कुणी अडखळला तर गर्दी सांगायची. भज्यांच्या दुकानातला माणूस झारा उंचावून दुरुस्त्या करत होता. वसंतभाऊंचा टाइम त्यांच्या शेजारी पळालेल्या एका लाजऱ्या पोरानं सांगितला, अगदी बरोबर, आणि वसंतभाऊंना शिडीवर लोंबकळतच मान डोलवावी लागली.

एकच भांडण झालं. महागावचा म्हातारा धुरकरी म्हणाला, पांढरकवड्याच्या जोडीचा टाइम सहा पॉइंट एक्याण्णव. पांढरकवड्याचा माणूस उसळला.

"नाही! माह्या चौऱ्याण्णव होता!"

"अबे, एक्याण्णव होता! म्या बाजूले होतो!"

"तुमी बुढे मानूस, कायले मले मोठं करता? चौऱ्याण्णव!"

दोघं एकमेकांच्या गळ्यापर्यंत आले, एक शेजाऱ्याची जोडी जोरात पळाली म्हणून आणि दुसरा आपली हळू पळाली म्हणून. मैदान हसून लोळायच्या बेतात होतं. मॅडम खाली वाकल्या. "बा?"

हरसिंगकाकांचे डोळे मिटलेले होते. दिवसभर त्यांनी प्रत्येक पुकारा ऐकला होता. "ब्याण्णव," ते म्हणाले. दोघंही एका दमात म्हणाले, "व्हय, ब्याण्णवच," आणि एकमेकांना तंबाखू देत निघून गेले.

मॅडमनी शेहेचाळीसच्या शेहेचाळीस पुन्हा भरल्या आणि प्रोग्राम संपवला, तशी यंत्रानं ती फाईल आपल्या हातानं मिटली. पण अजून बुलेटसह चौदा जोड्या बाकी होत्या, आणि आता मॅडमना प्रोग्राम बदलायचा होता. त्या माइक बंद करायला विसरल्या. किंवा नेहमीप्रमाणे केला नाही.

"बा, दर जोडीले वही मिटा लागन. नाही तं ओटीतलं सांडते."

सगळं मैदान हे ऐकत होतं. पाच-सहाशे माणसं आणि जुंपलेले बैल. काकांनी मांडीवरच्या उघड्या वहीवर हात ठेवला.

"मिटली अन् पुन्हा उघडली तं?"

"उघडीन ना. दर जोडीले उघडीन."

"मांगची पानं?"

"राह्यतेत. त्याच्या खाली लिहीन."

"मंग मिट. बैल जुपले हायेत तवरक मिटून ठेवू नको फक्त."

मॅडम वळल्या आणि टाइप करायला लागल्या. आता इथे एक बारीक गोष्ट आहे. फाईल उघडताना 'डब्ल्यू' अक्षर दिलं तर यंत्र जुनं सगळं पुसून नवं लिहितं. 'ए' दिलं तर जुन्याच्या खाली जोडतं. घाईत त्यांचं बोट 'डब्ल्यू'कडे गेलं, आणि मी किंचाळलो.

"गावंडे सर, बोंबलू नका," माइकवरून सगळ्या पंचक्रोशीला ऐकू गेलं, "बैल बुजते!"

पण बोट 'ए'वर गेलं. मग शेवटची ओळ आली. मी सवयीनं हात पुढे केला. मॅडमनी माझा हात बाजूला सारला, ओठ घट्ट मिटले, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या बोटांनी 'क्लोज' लिहिलं. बुलेट-पंढरी पुन्हा पळाली. सगळ्यांनी तिच्या बैलांच्या पायांकडे पाहिलं. पाय चारही चांगले होते, आठही. टाइम फाईलमध्ये होता. चहावाला मात्र आधीच पळून गेला होता.

संध्याकाळी शेवटच्या जोडीचे बैल जुवाखालून निघाले. वसंतभाऊ मचाणावर आले, यंत्रावरची यादी वरपासून खालपर्यंत वाचली, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "एक बी टाइम हुकला नाही म्हना." मग थोडं थांबून, "पुढच्या साली मशीनले ओटी नीट बांधाले सांगजा."

पुढच्या साली! मी तिथेच नाचलो असतो, पण मचाण हलत होतं. ते हलत होतं कारण चार धुरकरी हरसिंगकाकांना खुर्चीसकट वर आणत होते. काकांच्या मांडीवर तीच वही, सकाळपासून उघडी. त्यांनी ती पोरीपुढे धरली.

"मिट."

मॅडम काही करेनात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी मूर्खासारखा पुन्हा हात पुढे केला. "तुमी नाही सर," काका म्हणाले. "घड्याळ धरते त्यानं."

मॅडमनी दोन्ही हातांनी वही मिटली. आवाज फारसा झाला नाही, पण मैदानात एकानंही टोपी डोक्यावर ठेवली नाही. मॅडमचे खांदे हलायला लागले. नेहमीसारखं हसू असेल म्हणून मी पाहिलं, तर ते हसू नव्हतं. मला काय होत होतं ते मी लपवणार नाही, मीही रडलो.

त्यानंतर दीड वर्षानं मॅडम पांढरकवड्याला गेल्या. लेकीच्या गावी, तिथे स्वतःचा क्लास काढायला. लोणदरीच्या पटाला मात्र दर वर्षी यायचं कबूल करून गेल्या. त्या सामान भरत होत्या तेव्हा मी त्यांच्या यंत्रावर जुने प्रोग्राम उघडत बसलो होतो, कुठे काय आहे ते बघायला. माठाचा, वखराचा, वह्यांचा, सगळे. प्रत्येकाच्या शेवटी 'क्लोज'ची ओळ होती. कधीतरी बसून एकेकात घातलेली. आणि प्रत्येक ओळीपुढे, यंत्र न वाचता सोडून देईल अशा जागी, मराठीत चार शब्द लिहिलेले होते.

बाले विचारलं हाय. मिटा.

मी धावत बाहेर आलो. स्कूटी सुरू झाली होती आणि डिकी नेहमीसारखी उघडी होती, आत डबा, डब्याला झाकण नाही. मी झाकणाला हात घातला.

"राहू द्या सर," मॅडम मागे न बघता म्हणाल्या. "याचं मी कोनाले विचारलं नाही."

पहिल्याच खड्ड्यात झाकण वर उडालं आणि आपटलं. पानठेल्यावरची माणसं मान वर न करताच म्हणाली, "मॅडम चालल्या." दुसऱ्या खड्ड्याचा आवाज आला, मग तिसऱ्याचा. पांढरकवडा रोडच्या वळणापलीकडूनही तो येत होता, आणि तो थांबेपर्यंत मी क्लासचं दार उघडं टाकून रस्त्यातच उभा राहिलो.